कुंडीतले जितराब : जुनिपर बोन्सायची पहिली दोन वर्षे



अलीकडे खेड्यापाड्यांतल्या घरांतूनही एक नवे झाड दिसू लागले आहे. शहरात नोकरीस असलेला मुलगा दिवाळीला येताना ते घेऊन येतो, किंवा कृषी प्रदर्शनातल्या रोपवाटिकेच्या दालनातून घरातली लेक हौसेने आणते. उथळ कुंडी, वीत-दीड वीत उंचीचे वाकडे खोड आणि गर्द हिरवा बारीक पाला. विकणारा त्याला 'जुनिपर बोन्साय' म्हणतो आणि हजार-बाराशे रुपये मोजून घेतो. घरी आल्यावर त्याला मानाची जागा मिळते. ती जागा बहुधा टीव्हीशेजारची किंवा देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यातली असते. दोन-तीन महिन्यांत पाला तांबूस पडतो, हात लावला की गळतो आणि झाड संपते.

अशा वेळी घरात जे बोलले जाते ते मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. "सुनेच्या हाताला गुण नाही," असे कोणी सहज बोलून जाते. ज्या सुनेच्या हाताने परसातला कढीपत्ता, भोपळ्याचा वेल आणि तुळस जोमाने वाढते, तिच्याच हाताने हे एक झाड का मरावे, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. दोष तिच्या हाताचा नसतो. झाडाचा स्वभाव तिला कोणी सांगितलेला नसतो, एवढेच. तो स्वभाव समजला, तर शेतकऱ्याच्या घरात हे झाड शहरातल्यापेक्षा चांगले राहील. कारण त्याला लागणारे बहुतेक ज्ञान आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

झाड मूळचे कुठले?

'बोन्साय' हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. तबकात लावलेले झाड, असा त्याचा साधा अर्थ. ही विद्या चीनमधून जपानात गेली व तिथे वाढली. सन १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतील काही बोन्साय माळी शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ पासून तिथे बोन्साय करणाऱ्यांची एक वसाहतच उभी राहिली. सन २०१० मध्ये त्याच गावी बोन्सायचे सार्वजनिक संग्रहालय उघडले. जपानातल्या जुन्या नामांकित जुनिपरांपैकी कित्येक झाडे डोंगरकड्यांच्या कपारीतून काढून आणलेली आहेत. वारा, बर्फ आणि मूठभर माती यांवर तग धरल्याने त्यांची खोडे तशी पिळवटलेली असतात.

जुनिपर आपल्या देशालाही परके नाही. हिमालयात त्याच्या अनेक जाती आहेत. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात व त्याचा पाला धूप म्हणून जाळतात. आयुर्वेदातील हपुषा म्हणजे जुनिपरचेच फळ. रोपवाटिकेत मिळणारी रोपे मात्र बहुतेक चिनी व जपानी जातींची असतात. सांगायचे ते इतकेच, की हे झाड थंड हवेच्या, मोकळ्या, उन्हाच्या डोंगरावरचे आहे. वीतभर असले तरी ते मोठा वृक्षच आहे. ते घरात ठेवायची शोभेची वस्तू नव्हे. पिंपळाला माजघरात कोंडले तर जे होईल, तेच याचे होते.

जागा : घराबाहेर, अंगणात

म्हणून पहिला नियम असा, की जुनिपर बारा महिने बाहेर ठेवावे. अंगण, गच्ची, ओसरीच्या पुढची मोकळी जागा, काहीही चालेल. पण वर आभाळ आणि अंगावर ऊन हवे. दिवसातून किमान चार-पाच तास ऊन त्याला लागते. पाहुणे येणार असतील तर एखाद्या दिवसापुरते आत आणून मिरवावे व दुसऱ्या सकाळी पुन्हा जागेवर ठेवावे.

कुंडी जमिनीवर ठेवू नये. कोंबड्या माती उकरतात, शेळी-करडू तोंड घालते आणि पावसात चिखल उडतो. कमरेइतक्या उंचीचा ओटा, दगडी कट्टा किंवा चार विटांवर टाकलेली फळी पुरेशी होते. पत्र्यावर किंवा तापलेल्या स्लॅबवर कुंडी कधीही टेकवू नये. उथळ कुंडीतली माती दुपारी इतकी तापते की मुळे भाजून निघतात.

नवीन आणलेले झाड रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढलेले असू शकते. ते एकदम भर उन्हात ठेवू नये. पहिले आठ दिवस सकाळचे दोन-तीन तास ऊन द्यावे आणि मग वाढवीत जावे.

पाणी : वाफसा ओळखा

जुनिपरच्या मरणाची कारणे शोधली तर बहुतेक वेळा पाण्यापाशी येऊन थांबावे लागते. कोणी रोज ठरल्या वेळी वाटीभर पाणी घालते, कोणी आठवड्यातून एकदा. दोन्ही चूक. पेरणीच्या आधी आपण काय पाहतो? वाफसा. रान फार ओलेही नको, कोरडेही नको. कुंडीचेही तसेच आहे.

माती तपासण्याची एक सोपी युक्ती सांगतो. जळून गेलेल्या उदबत्तीची उरलेली बांबूची काडी घ्या. खोडापासून दोन बोटे अंतरावर, मुळांना धक्का न लावता, ती कुंडीत बोटभर खोल खोचा. दहा मिनिटांनी काढून गालाला लावा. काडी ओली व काळपट असेल तर पाणी नको. जेमतेम गार लागत असेल, तर पाण्याची वेळ झाली. साफ कोरडी निघाली, तर उशीर झाला. पंधरा दिवस असे केले की पुढे कुंडी उचलताच वजनावरून कळू लागते.

पाणी द्यायचे तेव्हा मात्र पोटभर द्यावे. बारीक भोकांच्या झारीने सगळ्या मातीवर, तळाच्या भोकांतून पाणी वाहू लागेपर्यंत घालावे. पाच मिनिटे थांबून पुन्हा एकदा घालावे. वाटीभर पाण्याने वरची माती भिजते आणि आतला गड्डा कोरडाच राहतो. कुंडीखाली थाळी ठेवून तीत पाणी साठू देऊ नये. पाणी धरलेल्या रानात तूर जशी उभळते, तसेच हेही उभळते.

आणखी एक गोष्ट. विकाऊ बोन्सायच्या मातीवर पुष्कळदा पांढरे खडे डिंकाने चिकटवलेले असतात. दिसायला छान, पण खाली पाणी मुरू देत नाहीत. कुंडी घटकाभर पाण्यात बुडवून ते खडे हलक्या हाताने उचकटून टाकावेत.

हिरवे दिसते म्हणून जिवंत समजू नका

जुनिपरबाबत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून नीट वाचा. टोमॅटोचे रोप तहानले की पाने लोंबकळतात आणि आपल्याला सांगतात. जुनिपर सांगत नाही. त्याची मुळे मेल्यावरही पाला कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. आपण पाणी घालीत राहतो, झाड 'छान' आहे म्हणून समाधान मानतो. आणि पाला तांबूस पडतो तेव्हा झाड मरून महिना उलटलेला असतो.

एका घरी मला असेच झाड दाखवण्यात आले. आणून सहा आठवडे झाले होते आणि पाला नुकताच तांबूस पडू लागला होता. घरच्या सूनबाईंना वाटत होते, की मागल्या आठवड्यात लग्नासाठी माहेरी गेल्याने पाणी चुकले व म्हणून झाड गेले. त्या अगदी अपराधी चेहऱ्याने उभ्या होत्या. कुंडीतला गड्डा काढून पाहिला. चोपण चिकणमाती, वर चिकटवलेले खडे, मध्यभाग ठणठणीत कोरडा आणि तळाची मुळे काळी कुजलेली. हे चार दिवसांत घडणारे काम नव्हे. घरच्या वडीलमाणसांनी ती मुळे स्वतः हाताने मोडून पाहिली, तेव्हा त्यांचीही खात्री पटली. म्हणून सांगतो, झाड गेले तर माणसाला दोष देण्याआधी मुळे पाहावीत.

झाड जिवंत आहे का, हे पाहण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली : फांदीची साल नखाने किंचित खरवडावी, आत ओलसर हिरवे दिसले तर फांदी जिवंत, कोरडे तपकिरी दिसले तर मेलेली. दुसरी : पाला दोन बोटांत चुरावा, जिवंत पाला लवचिक असतो व त्याला वास येतो, मेलेला कुरकुरीत असतो. तिसरी : फांद्यांची टोके पाहावीत, वाढते टोक बाकी पाल्यापेक्षा फिकट, पोपटी दिसते. कित्येक आठवडे एकही पोपटी टोक दिसले नाही आणि रंग राखाडी झाला, तर संशय घ्यावा. थंडीत मात्र वाढ मंदावतेच. खोडाजवळचा आतला, सावलीतला जुना पाला तपकिरी होऊन गळणे हेही नैसर्गिक आहे. त्याने घाबरू नये.

रोप विकत घेतानाही याच खुणा पाहाव्यात. दुकानातच मेलेले पण हिरवे दिसणारे झाड घरी येणे अशक्य नाही.

माती आणि कुंडी

आपली काळी माती पिकाला सोने असली तरी या कुंडीला घातक आहे. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते व मुळे तोडते. जुनिपरला खडबडीत, पाणी झटकन सोडणारी माती हवी. घरच्या घरी असे मिश्रण करता येईल : विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू किंवा बारीक मुरूम एक भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत एक भाग. विटा व मुरूम ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे ठेवावेत आणि खाली पडलेला भुगा टाकून द्यावा. भुगाच सारी भोके बुजवतो.

तरी पहिल्या वर्षी कुंडी बदलण्याची घाई करू नये. नवे घर, नवे ऊन, नवे पाणी एवढा बदल झाडाला पुरे असतो. पाणी मुळीच मुरत नसेल तरच बदलावे. एरवी दर दोन-तीन वर्षांनी, थंडी ओसरता ओसरता, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, हे काम करावे. मुळांचा तिसरा हिस्सा, त्याहून अधिक नाही, कापावा. सगळी जुनी माती धुऊन मुळे उघडी करू नयेत. खोडालगतचा गड्डा तसाच राखावा. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवावा, झाड तारेने कुंडीला घट्ट बांधावे, भरपूर पाणी द्यावे आणि तीन आठवडे दाट सावलीत नव्हे, पण वाऱ्यापासून आडोशाला ठेवावे. हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे तुटतात.

ऋतूप्रमाणे निगा

*उन्हाळा :* हा खरा कसोटीचा काळ. मार्च ते मे सकाळी दहा-अकरापर्यंतचे ऊन ठेवून पुढे हिरव्या जाळीची किंवा कडुलिंबाची विरळ सावली द्यावी. कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे किंवा कुंडी वाळूच्या पसरट घमेल्यात ठेवून वाळू ओली राखावी. मात्र घमेल्याला खाली भोके पाडावीत. काडी सकाळी व संध्याकाळी दोन्ही वेळा तपासावी. गावाला जायचे असेल तर शेजारणीला काडीची युक्ती शिकवून जावे. झाड घरात कोंडून जाऊ नये.

*पावसाळा :* पाऊस झाडाला मानवतो, साचलेले पाणी मानवत नाही. झडीच्या दिवसांत कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून ती तिरकी करावी, म्हणजे निचरा होतो. पावसाने उघडीप दिली की दोन दिवसांत उथळ कुंडी कोरडी पडते, हे विसरू नये. 'पावसाळा आहे' म्हणून पाणी न दिल्याने श्रावणात मेलेली झाडे पुष्कळ असतात.

*हिवाळा :* पूर्ण ऊन द्यावे. आपल्याकडची थंडी या झाडाला मुळीच बाधत नाही. उलट तिची त्याला विश्रांतीसाठी गरज असते. पाणी कमी लागते, पण तपासणी बंद करू नये.

छाटणी आणि तार

जुनिपरची ताकद पाल्यात असते. म्हणून एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक पाला काढू नये. सगळी टोके नखाने खुडून झाड गोल करण्याची सवय अनेकांना असते. तीमुळे टोके तपकिरी होतात व झाड दुबळे पडते. लांब वाढलेला कोंब तेवढा धारदार कात्रीने, मागे हिरवा पाला राखून, कापावा. पाला नसलेल्या उघड्या लाकडातून जुनिपर सहसा पुन्हा फुटत नाही. डाळिंबाच्या छाटणीचा हिशेब इथे लावू नका. फार कापले की पुढचा पाला टोचरा येतो. ती झाडाची नाराजी समजावी व वर्षभर कात्री लांब ठेवावी.

फांदीला वळण देण्यासाठी अॅल्युमिनियमची तार वापरतात. फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची तार तिरकी गुंडाळावी आणि फांदी हळूहळू वाकवावी. पावसाळ्यात खोड भराभर जाड होते व तार सालीत रुतते. म्हणून दर पंधरवड्यास पाहावे आणि रुतू लागताच पकडीने तुकडे करून काढावी. उलगडत बसल्यास फांदी मोडते.

कुंडी बदलणे, मोठी छाटणी आणि तार ही तीन कामे एकाच हंगामात करू नयेत. व्यालेल्या गाईला लगेच लांबच्या बाजाराला चालवीत नाहीत, तसेच हे.

खत आणि कीड

जपानी माळी मोहरीच्या पेंडीचे गोळे कुंडीत ठेवतात. आपल्याकडे भुईमुगाची पेंड घरात असते. मूठभर पेंड दोन लिटर पाण्यात आठ दिवस भिजवावी, गाळावी आणि कोऱ्या चहाच्या फिकट रंगाइतकी पातळ करून महिन्यातून एकदा द्यावी. नुकत्याच कुंडी बदललेल्या, आजारी किंवा भर उन्हाळ्यातल्या झाडाला खत देऊ नये. युरियाची चिमूट टाकण्याचा मोह टाळावा. विहीर-बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो. अशा वेळी पावसाळ्यात कुंडी पावसाच्या पाण्याने चांगली धुऊन निघू द्यावी.

किडीत मुख्य शत्रू लाल कोळी. कोरड्या, उष्ण हवेत तो वाढतो आणि पाला धुळकट, फिका दिसू लागतो. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी आहे. प्रथम सलग काही दिवस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाला खालून-वरून धुवावा. बहुधा तेवढ्यानेच भागते. न भागल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, थंड संध्याकाळी फवारावे. भर उन्हाळ्यात गंधक फवारू नये, पाला जळतो. निंबोळी तेल व गंधक पाठोपाठ वापरू नये.

आपल्या भागाला मानवेल का?

हे सरळ सांगितलेले बरे. महाबळेश्वर, पुणे, नाशिक, सातारा या बाजूला जुनिपर बरे राहते. कोकणात निचरा व मोकळा वारा यांची काळजी घेतली तर जमते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथे, जिथे पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, तिथे जुनिपर जगवणे कष्टाचे आहे. भेट आलेले असेल तर जरूर जगवावे, पण मुद्दाम पैसे खर्चून आणण्यापूर्वी विचार करावा. अशा ठिकाणी वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल ही झाडे कुंडीत उत्तम वळण घेतात. विहिरीच्या कठड्यात किंवा पडक्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप पावसाळ्यात अलगद काढले, तर त्याला एक रुपयाही पडत नाही. नवख्याचा हात त्यावर बसतो व चूक झाली तरी तो पुन्हा फुटतो.

ज्यांचे जुनिपर जगले आहे, त्यांनी छाटणीतले कोंब फेकू नयेत. बोटभर लांबीचे आठ-दहा कोंब खालचा पाला काढून वाळूत खोचावेत, सावलीत ओलसर ठेवावेत. मुळे फुटायला दोन-चार महिने, कधी अधिकही लागतात. सगळे लागत नाहीत. पण दोन लागले तरी पुढे मूळ झाड गेल्यास हात रिकामा राहत नाही.

थोडक्यात

बाहेर ठेवा. काडीने ओल पाहून पाणी द्या. निचरा सांभाळा. पहिल्या वर्षी कात्री, तार आणि नवी कुंडी यांपैकी काहीही नसले तरी चालते. पहिल्या वर्षाचे काम एकच, ते म्हणजे झाड जिवंत ठेवणे. आकार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी देता येतो. मेलेल्या झाडाला आकार देऊन उपयोग नाही.

गोठ्यातले जितराब आपण रोज सकाळी नुसते पाहतो. खाल्ले का, रवंथ करते का, डोळा कसा आहे. त्या पाहण्याला दोन मिनिटे लागतात, पण त्यातूनच आजार लवकर कळतो. कुंडीतल्या झाडालाही तीच दोन मिनिटे हवीत. घरातल्या मुलांपैकी एकाकडे उदबत्तीच्या काडीचे काम सोपवा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाणी दिल्याची खूण करायला सांगा. वर्षभराच्या त्या खुणा वाचल्या, की आपल्या अंगणात, आपल्या हवेत या झाडाला केव्हा किती पाणी लागते हे तुम्हाला कोणाही जाणकारापेक्षा अधिक चांगले कळलेले असेल.